मांडीवरचं गाणं

बारशाला लेकराच्या कानात 'कुर्र' करायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकते, नाव सांगते आणि त्याच क्षणी तिच्या पाठीत बायकांचे धपाधप बुक्के बसतात. मग दोरी हलते आणि पाळणे सुरू होतात. नांदेडच्या कुठल्या गल्लीत बारसं आहे त्यावर पाळणा ठरतो. कुठे रामाचा, कुठे कृष्णाचा, कुठे शिवबाचा, बौद्ध घरात भीमाचा आणि बुद्धाचा. देगलूर नाक्याकडच्या मुसलमान घरात बाळाच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हणतात. गुरुद्वाऱ्याच्या आसपासची शीख कुटुंबं बाळाला दरबारात घेऊन जातात. तिथे गुरू ग्रंथ साहिबचं पान उघडलं जातं आणि त्यावरच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरतं.

धर्म वेगळे, शब्द वेगळे, पण बहुतेक ठिकाणी एक माणूस लेकराच्या इतकं जवळ येतं की आवाजाबरोबर त्याचा श्वासही कानाला लागतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत घरोघरी मी जे पाहिलं आणि ऐकलं, त्यातून माझी एक खात्री झाली आहे. आपलं आवडतं गाणं लेकराला द्यायचं तर ते नुसतं लावून चालत नाही. ते मांडीवरून, खांद्यावरून, हाताच्या थापेतून द्यावं लागतं.

आता घरात गाणी कमी झाली आहेत असं कुणी म्हणू नये. उलट इतकी गाणी आपल्या आज्या-पणज्यांनी कधी ऐकली नव्हती. वरणभात भरवताना फोन स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि बालगीत लावायचं, हे दृश्य लातूरच्या औसा रोडवरच्या फ्लॅटमध्येही दिसतं आणि लोह्याकडच्या शेतातल्या घरातही. 'बेबी शार्क' हे कोरियन कंपनीचं गाणं जानेवारी २०२२मध्ये यूट्यूबवर १,००० कोटी वेळा पाहिलं गेलेलं पहिलं गाणं ठरलं. त्यात मराठवाड्यातल्या घासांचाही वाटा असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगून ठेवलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाच्या वर दाखवू नये. आईला एकटीने स्वयंपाक, धुणं आणि शाळेची नोकरी सांभाळायची असेल तर हा सल्ला पाळणं किती अवघड जातं, ते मी रोज अनुभवते. म्हणून फोन लावणाऱ्या आईला मी दोष देत नाही. फोनवरचं गाणं आणि आईने म्हटलेलं गाणं लेकराला सारखं पोचतं का, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर शोधणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात झाला. सॅम्युएल मेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६मध्ये प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या बाळांच्या आई-वडिलांना त्यांनी एक नवं गाणं शिकवलं आणि घरी बाळासाठी म्हणायला सांगितलं. दुसऱ्या काही घरांत तेच गाणं एका खेळण्यातून वाजवायला दिलं. नंतर दोन्ही गटांतल्या बाळांसमोर दोन अनोळखी माणसं आली. एकाने ओळखीचं गाणं म्हटलं, दुसऱ्याने अनोळखी. ज्या बाळांनी गाणं आईबापाच्या तोंडून ऐकलं होतं, ती ओळखीचं गाणं म्हणणाऱ्या माणसाकडे जास्त वेळ पाहत राहिली. खेळण्यातून ऐकलेल्या बाळांना दोन्ही माणसं सारखीच. आईच्या तोंडचं गाणं म्हणणारं माणूस आपल्यातलं आहे, असं त्या पाच महिन्यांच्या जिवाला वाटलं असावं. मी हे वाचलं तेव्हा मला मावशीच्या गावातल्या म्हाताऱ्या आठवल्या. अनोळखी सून गावात आली की त्या आधी तिला ओवी म्हणायला लावायच्या.

पोटातली गोष्ट तर याहून आधीची. बेलफास्टच्या पीटर हेप्पर यांनी १९८८मध्ये दाखवून दिलं की गरोदरपणात रोज 'नेबर्स' ही मालिका पाहणाऱ्या बायकांची बाळं जन्मल्यावर त्या मालिकेचं शीर्षकसंगीत ओळखत होती. रडणारी बाळं ते ऐकून गप्प होत. आपल्याकडे संध्याकाळी सातला टीव्ही लावून भाजी निवडत बसलेल्या गर्भारशीच्या पोटातही हेच चाललेलं असणार. पण त्या घरात कुणी अभंग गुणगुणत असेल, तर तोही तिथे पोचतोच.

लातूरला माझं माहेर. घराच्या मागच्या अंगणात अजून चूल आहे, आणि आई ज्वारीच्या भाकरी तिथेच करते. शेजारी लाकडी काटवट. माझी लेक दोन वर्षांची असल्यापासून आजीच्या डाव्या मांडीवर बसून हे सगळं पाहते. आईचा हात चालतो तो असा : थाप, थाप, आणि तिसऱ्याला बोटांनी भाकरी जराशी फिरवायची. थाप, थाप, फिरव. तोंडाने ती गौळण म्हणत असते आणि तिचा गुडघा त्याच तालात वरखाली होत असतो. गुडघ्यावर लेक. काटवटीच्या कडेला पीठ सांडलेलं असतं, त्यात लेकीची पाच बोटं उमटतात. ती पण थापते, थापते आणि तिसऱ्याला हात हवेत फिरवते. मी एकदा मध्येच गाण्याचा व्हिडिओ लावला तर आई म्हणाली, "ते फोन ठिव बाजूला. तिचं ध्यान माझ्या हाताकडं हाय."

आईला ठाऊक नाही, पण कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी एक सपाट ठेका ऐकवला. त्यात जोर कुठेच नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला उचलून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. नंतर जोर दिलेले दोन ठेके ऐकवले तेव्हा दोनावर झुललेल्या बाळांना दोनाचा ठेका आवडला आणि तिनावर झुललेल्यांना तिनाचा. दुसऱ्या कुणाला झुलताना नुसतं पाहिलेल्या बाळांमध्ये असं काही दिसलं नाही. ताल कानापेक्षा आधी अंगाला कळतो. मराठवाड्यातल्या आज्या लेकराला पायांवर आडवं घालून तेल लावतात, गुडघ्यावर झोके देतात, झोपवताना पाठीवर थोपटतात. ती सगळी तालमीचीच जागा आहे. त्या थोपटण्यात गाणं मिसळलं की ते लेकरू आयुष्यभर विसरत नाही, असं मला वाटतं.

लातूरहून नांदेडला येताना चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता लागतो. अहमदपूर आणि लोह्याच्या मध्ये माळेगाव. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं विकायला येतात, लावणी महोत्सव होतो, वाघ्या-मुरळी येतात. दरवर्षी आम्ही तिथे थांबतो. लेक बाबांच्या खांद्यावर असते. गेल्या खेपेस एक वाघ्या दिमडी वाजवत होता. दिमडी म्हणजे एका बाजूने कातडं मढवलेलं छोटं वाद्य, डाव्या हातात छातीशी धरून उजव्या बोटांनी वाजवतात. मुरळी हातातला घोळ, म्हणजे घंटा, हलवत होती. लेक आधी बाबांचे केस घट्ट धरून बसली, मग हळूहळू टाचा बाबांच्या छातीवर आपटायला लागली. तिच्या बाबांनी तिच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाले, "बघ, हिचं बरोबर चाललंय." वाघ्याने ते पाहिलं, दोन पावलं पुढे आला आणि दिमडी तिच्या पायाशी नेऊन वाजवली. खंडोबाचं जागरण म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची मला गरज पडली नाही. घरी आल्यावर तिने चाळणी छातीशी धरली आणि आठ दिवस घरभर जागरण घातलं.

या भागातल्या मुलांच्या कानावर जितके वेगवेगळे ठेके पडतात तितके फार थोड्या ठिकाणी पडत असतील. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ आणि संबळ. लग्नातली हलगी. सप्ताहातला पखवाज. लिंगायत वस्तीत मन्मथस्वामींचे अभंग आणि शिवकीर्तन. किनवट-माहूरच्या तांड्यांवर होळीला लेंगी. औशाच्या नाथ संस्थानचं चक्रीभजन, ज्यात भजनी गोल फिरत गातात. आणि नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारं गुरबाणी कीर्तन. गोदावरीकाठी गुरू गोविंदसिंग १७०८मध्ये ज्या जागी ज्योतीत विलीन झाले, तिथे संध्याकाळी होणारी आरती ऐकायला शहरातली मराठी कुटुंबंही लेकरं घेऊन जातात. बाजाची पेटी उघडते, तबलजी हातोडीने तबला लावतो, आणि संगमरवरावर मांडी घालून बसलेली पोरं शांत होतात. शीख नसलेल्या किती नांदेडकरांना 'वाहेगुरू'चा सूर तोंडपाठ आहे, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही.

हे वैभव लहानपणीच द्यावं लागतं, त्यालाही कारण आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन संशोधक बायकांनी २००५मध्ये बाल्कन देशांतलं सात मात्रांचं संगीत उत्तर अमेरिकेतल्या बाळांना ऐकवलं. सहा महिन्यांच्या बाळांना ठेक्यातला बिघाड लगेच कळे. वर्षाच्या बाळांना मात्र आपल्या घरच्या साध्या ठेक्यांचीच सवय झालेली होती. त्यांना थोडे दिवस घरी ते संगीत ऐकवलं तर ती पुन्हा शिकली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्याने जमलं नाही. आपल्याकडे दादरा सहाचा, रूपक सातचा, केरवा आठचा, झपताल दहाचा. पखवाजाच्या घरात वाढलेलं पोरगं सात मात्रा मोजत नाही, सातावर डोलतं. चित्रपटगीतं बहुतेक केरवा-दादऱ्यात असतात. नुसतं तेच ऐकलेल्या पोराला सात पुढे मोजून शिकावे लागतात.

आता आवडीचं. लेकराला काय ऐकवायचं, यावरून घरात खरी कुरबूर असते. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात आलं तेव्हा ते शाळेत होते. मराठी बोलायचे, हिशोब उर्दूत लिहायचे आणि गझल ऐकायचे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की घरात कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा हुकूम असे. आम्ही नातवंडं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अमीन सायानींचा आवाज ऐकत झोपी जायचो. त्यांच्या गझलांतलाही एकही शब्द कळत नव्हता. आज कुठे मेहदी हसन लागले की मला पहिल्यांदा आजोबांच्या धोतराचा वास येतो, शेर नंतर आठवतो.

आमच्या वडिलांची पिढी कॅसेटची. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं मराठवाड्यातल्या टपरी-टपरीवर वाजली. त्या घराण्याकडे पाहावं : प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श, उत्कर्ष. तीन पिढ्या घरातच गाणं चालत आलं. नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे औरंगाबादला स्थायिक झाले, आणि त्यांची मुलंही गाण्यातच रमली. २०२१मध्ये नाथराव गेले. शास्त्रीय गाणं म्हणजे पुण्या-मुंबईचं, ही समजूत मराठवाड्यात मोडून काढणाऱ्यांत ते अग्रभागी होते. मोठ्या कलावंतांच्या घरात मुलं गातात याचं नवल करतो आपण. खरं तर त्यांना वेगळं काही मिळत नाही. रियाज चालू असताना ती तिथे खेळत असतात, एवढंच.

आमच्या गाडीत नियम आहे. लातूर ते नांदेड रस्त्यात पाळीपाळीने गाणं लावायचं. आजीचं एक, बाबांचं एक, माझं एक, लेकीचं एक. आजीचं बहुतेक वेळा अभंग. बाबांचं नव्वदच्या दशकातलं हिंदी. माझी पाळी आली की मी मंगेश पाडगावकरांचं आणि मीना खडीकरांनी चाल दिलेलं 'सांग सांग भोलानाथ' लावते, कारण माझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी त्यावर नाचले होते. लेकीचं सध्या एकच : 'लय भारी'मधलं 'माउली माउली'. २०१४चा तो चित्रपट लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुखांचा, गाणं अजय-अतुलचं. ते संपलं की ती मागच्या सीटवरून ओरडते, "पुन्हा!" पाळी पुढच्याची असली तरी आजी स्वतःची पाळी तिला देऊन टाकते. मोठ्यांना कंटाळा येतो, पण चार वर्षांचं लेकरू एकच गाणं वीसदा मागतं तेव्हा ते दर खेपेला त्यातलं काही नवं पकडत असतं. पहिल्या दिवशी तिला फक्त ढोल ऐकू आला. मग टाळ. मग एके दिवशी चाकूरच्या पुढे ती म्हणाली, "इथं सगळे थांबतात अन् एकटाच काका म्हणतो." कोरस संपून गायक एकटा उरतो ती जागा तिने स्वतः शोधली होती. मी ते गाणं इतक्या वेळा ऐकलं होतं, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

या पाळीचा मला दिसलेला फायदा असा की लेकीला आजीचा अभंग पूर्ण ऐकून घ्यायची सवय लागली, आणि आजीला 'माउली'चा ढोल आवडायला लागला. आवड एकाच बाजूने जात नाही. लेकरूही आपल्याला काही आणून देतं, ते घ्यायला आपली ओंजळ मोकळी हवी.

लातूरबद्दल एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. हे शहर शिकवणीचं. लातूर पॅटर्न म्हणून राज्यभर नाव झालं, गावोगावची मुलं बारावी आणि नीटसाठी इथे येऊन राहतात. नांदेडनेही तीच वाट धरली. मुलांच्या मेहनतीला आणि त्यांच्या आईबापांनी शेत गहाण टाकून भरलेल्या फीला मी कमी लेखत नाही. पण गाण्याच्या शिक्षकांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकली : मूल सातवीपर्यंत छान येतं, आठवीला 'आता अभ्यास' म्हणून पेटी बंद होते. याच लातूरच्या रोहित राऊतने २००८-०९च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मध्ये कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे यांच्या बरोबरीने गाऊन सगळ्या महाराष्ट्राला आपल्या घरात बोलावलं होतं. पुढे २०२०मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो पहिला उपविजेता झाला. तेव्हा दयानंद कॉलेजच्या चौकात पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. सगळ्यांनी रोहित व्हावं असं नाही. पण दहावीचं पोर रात्री अकराला अभ्यासिकेतून येतं तेव्हा दिवसभरात त्याने एक तरी गाणं तोंडाने म्हटलं आहे का, हे आईबापाने विचारावं. पेटी चालू ठेवल्याने मार्क कमी झाले, असं आठवीत ती बंद करणाऱ्या घरांना कुणी दाखवून दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट कानांची. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढून लहान लेकरांना कडेवर घेऊन चालणारे बाप मी दरवर्षी पाहते. लेकराने दोन्ही कानांवर हात ठेवलेले असतात, आणि बाप ते हात काढून 'नाच' म्हणतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम २०००पासून आहे, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. नियम राबवणं पोलिसांचं काम, पण लेकराला भिंतीपासून पन्नास पावलं लांब उभं करणं बापाच्या हातात आहे. ज्या कानाने त्याने उद्या मालकंस ऐकायचा आहे तोच हा कान.

नांदेडला दिवाळीत बंदाघाटावर गोदावरीच्या काठी दिवाळी पहाट होते. फेब्रुवारीत डॉ. शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ यशवंत महाविद्यालयाच्या मैदानावर संगीत शंकर दरबार भरतो. देशातले मोठे कलावंत तिथे गायले-वाजवले आहेत आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. तरी लहान मुलं घेऊन येणारी घरं फार थोडी दिसतात. 'त्यांना काय कळतं' आणि 'रडलं तर लोक बघतात' ही दोन कारणं मला नेहमी सांगितली जातात.

ज्यांना यंदा लेकराला न्यायचं आहे त्यांच्यासाठी जमलेला अनुभव सांगते. दुपारी त्याला झोपवून घ्या. पुढच्या सोफ्यांच्या मागे न बसता बाजूच्या खुर्च्यांवर बसा, म्हणजे रडायला लागलं तर कुणाला त्रास न देता उठता येतं. रात्री गारठा असतो, एक गोधडी घ्या. सगळा कार्यक्रम ऐकायचा हट्ट धरू नका, एका रागाचा आलाप आणि थोडी द्रुत लय एवढं पुरे. तबलजीचा हात दिसेल अशा कोनात बसा, लहान मुलं सुरापेक्षा हाताला जास्त खिळतात. मांडीवर घेतलंत तर तुमचा पाय ठेका धरेलच, तो थांबवू नका. घरी जाताना रिक्षात त्याला विचारा, काय आवडलं. आमची लेक गेल्या वर्षी म्हणाली, तबलेवाल्या काकाची मान. या वर्षी ती काय म्हणते ते ऐकायला मी तयार आहे.